विरजण

"म्हणजे माझ्या पोटात जंतू कमी पडलेत म्हणता?"

मोरेश्वराचा आवाज चढला. काही खाल्लं की पोट धरून बसायचा, पार वाळून गेला होता बिचारा.

मठाच्या ओसरीवर भिवाबाबा वाती वळत होते.

"मी नाही, डॉक्टर म्हणाले. औषधानं वाईट जंतू मेले, त्यांच्याबरोबर चांगलेही गेले. उरलेत त्यांना तू नुसती पेज घालतोस. ते जगणार कशावर?"

"मी शुद्ध खातो, बाबा. दुसऱ्याच्या हातचं काही घेत नाही."

"हं... मग दही लाव बघू."

"विरजण?"

"दुसऱ्याचं कशाला घेतोस?"

मोरेश्वरानं दूध चांगलं उकळून झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं, तर नासल्याचा वास सुटलेला.

बाबांनी रिकामी वाटी पुढं केली.

आता मठाजवळ घर एकच, केराबाई धनगरणीचं. उन्हाळ्यात तिनं मोठ्या मायेनं नाचणीची आंबील आणली होती. मोरेश्वरानं ती तिच्यादेखत झाडाच्या बुडात ओतली होती.

"बाई... थोडं विरजण मिळेल?"

"घ्या की म्हाराज. इरजणाला कुणी न्हाई म्हनतं व्हय? पर माझ्या हातचं चालंल न्हवं?"

तिनं मडकं तळापासून खरवडलं. वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि मागं सरून भिंतीला टेकून उभी राहिली. लांब उभं राहायचं त्यानंच तिला शिकवलं होतं.

मोरेश्वराची मान वर होईना.

सकाळी दही कसं कवडीसारखं लागलेलं. पहिला घास तोंडाशी नेला, तोच बाबांनी विचारलं,

"तिच्या मडक्यात काय उरलंय रे?"

घास तसाच खाली आला. मोरेश्वर वाटीभर दही घेऊन गेला, आणि लगेच परत आला.

"दिलंस?"

"उंबऱ्यावर ठेवलं."

"आत ये म्हणाली नाही?"

"म्हणाली. आंबील घ्या म्हणाली... चुलीवरून उतरवतच होती."

"मग?"

"बाबा, मला लाज वाटली हो... तोंड दाखवायला जागा नाही मला."

बाबांनी वातीला पीळ दिला.

"मग त्या लाजेलाही बरोबर घेऊन जा आंबील प्यायला... तीही कधीची उपाशी आहे."