नकाराचं कारण

"माझाच कोड का रिजेक्ट केला?"

यशोधन दारातूनच बोलला. आत पाऊल पडायच्या आधी तोंड सुटलं होतं.

हसीनाआपा डबा खात होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी बस."

"बसायला नाही आलो, आपा."

"मग उभा राहा."

मिरजेतलं हे ऑफिस दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतं. कुठल्या पेशंटला कुठलं औषध द्यायचं ते वॉर्डातल्या सिस्टरला स्क्रीनवर दिसतं ना, ते यांचं काम. पोरं आपापल्या जागी बसून कोडचे तुकडे लिहितात, त्यांना बदल म्हणायचं. शेवटी सगळे तुकडे एका ठिकाणी जोडायचे. जोडण्याआधी आपा बघणार. आपा हो म्हणाल्या तर आत, नाही म्हणाल्या तर परत. वर दाद मागायची सोय नाही, आणि नाही तेच बरं.

आपा आता निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी यशोधन येणार असं सगळे धरून चालले होते. सगळ्यांच्या आधी यशोधनच धरून चालला होता. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण हुशारी अंगावर दागिन्यासारखी घालून फिरायचा. कंपनीच्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं, या वेळचं तुझं काम आत गेलेलं दिसू दे, मग खुर्चीचं बोलू.

आणि आपांनी नेमकं तेच परत पाठवलं.

"कोडमध्ये चूक आहे?"

"नाही."

"टेस्ट फेल झाली?"

"तुझ्या एकट्याच्या सगळ्या पास. जोडून बघितलंस?"

बघितलं होतं. म्हणून तर चिडला होता.

त्याच्या बदलानं औषधांची यादी चुटकीसरशी उघडायची. त्याच दिवशी शीतल पाटोळेचाही बदल आला होता. शीतल नवीन मुलगी. तिनं एवढंच केलं होतं, की पेशंटला ज्या औषधाची ॲलर्जी असेल त्याच्यापुढं लाल खूण यावी. दोघांचंही काम आपापल्या जागी बरोबर. एकत्र केलं की बिघडायचं. यादी आधी उघडायची, लाल खूण मागून यायची. तेवढ्या वेळात सिस्टरला औषध दिसणार आणि खूण दिसणार नाही.

"दोघांपैकी एकच जाईल, मान्य," यशोधन म्हणाला. "मग तिचं थांबवा. सावकाश नीट करील ती. आपा, तिचा कोड बघितलात तुम्ही? गोधडी आहे नुसती. ठिगळावर ठिगळ."

"वरवर बघितला. तुझा जास्त चांगला आहे."

"मग?"

"चांगला आहे, म्हणूनच कुठं अडतो ते दिसलं आणि परत पाठवता आला."

"हा कुठला न्याय?"

आपांनी डबा बंद केला. उठल्या, हात धुऊन आल्या, पदराला पुसले. सगळं सावकाश. मग आपल्या खुर्चीकडे बोट केलं.

"बस तिथं."

"मी?"

"उद्या बसणारच आहेस म्हणतात. आज बस."

तो बसला. आपांनी वाकून माऊस हातात घेतला आणि स्वतःचा नकार काढून टाकला. स्क्रीनवर दोन्ही बदल पुन्हा एकाखाली एक येऊन थांबले.

"माझं कारण तुला वाचून दाखवायचं होतं, ते मी मागं घेतलं. आता तू ठरव. एक रिजेक्ट कर."

यशोधननं शीतलच्या नावावर बोट दाबलं. वेळ नाही लावला.

एक रिकामी चौकट उघडली. नकाराचं कारण.

आपांचा नियम होता. कारण लिहिल्याशिवाय नकार जात नाही, आणि ते कारण ज्याचं काम त्याला तोंडावर वाचून दाखवायचं. आपांनी असं वाचून दाखवलेली कितीतरी पोरं रडली असतील. पण या बाईनं कुणाबद्दल पाठीमागं एक शब्द काढला असेल तर शपथ. मोठ्या खुर्चीत बसणाऱ्या किती जणांबद्दल असं सांगता येईल?

"शीतल, इकडं ये गं."

शीतल आली. स्क्रीनवर आपलं नाव बघून तिचा चेहरा उतरला.

"सर, माझं काही चुकलं का?"

यशोधननं टाइप केलं. 'कोड नीटनेटका नाही.'

आपा मागं उभ्या होत्या. "चालतो?"

"चालतो."

"मग खोड."

त्यानं खोडलं. लिहिलं, 'यादी उघडायला वेळ लागतो.'

"आधी लागायचा त्याहून जास्त?"

"... तेवढाच."

हेही त्यानंच खोडलं, कुणी सांगावं लागलं नाही. मग लिहिलं, 'माझ्या बदलाशी जुळत नाही.' आणि त्या ओळीकडे बघतच राहिला. मोठ्यानं वाचायला गेला, तो 'माझ्या' या शब्दावरच थांबला.

"सर, सांगा ना," शीतल म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते बदलते. सगळं नव्यानं लिहिते. फक्त ती खूण मागं पडू देऊ नका. तेवढं बघा."

यशोधननं चौकट तशीच बंद केली. स्वतःच्या नावावर गेला. पुन्हा तीच रिकामी चौकट उघडली. या वेळी बोटं अडली नाहीत.

लिहून झाल्यावर तो खुर्ची वळवून बसला. नियमाप्रमाणं ज्याचं काम त्याला वाचून दाखवायचं, तो तर इथंच बसला होता. तरी त्यानं मोठ्यानं वाचलं.

"'या बदलामुळं यादी खुणेच्या आधी उघडते. कामाच्या धावपळीत सिस्टर खुणेसाठी थांबणार नाही. खूण आल्याशिवाय यादी उघडता कामा नये. म्हणून नाकारला.' खाली नाव, यशोधन गुळवणी."



"सर, पण साहेबांनी तुम्हाला..." शीतलला ठाऊक होतं. ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं?

"माझं वाचून झालं," तो म्हणाला, आणि बटण दाबलं.

त्याचा बदल स्क्रीनवरच्या रांगेतून बाहेर गेला.

यशोधननं खुर्ची मागं सरकवली आणि उठायला लागला. आपांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठतोस कुठं? शीतलचा कोड नीट वाचायचा राहिलाय."