हैबती मास्तरांचा सरपास

फार फार वर्षांपूर्वी, वाघजाळीला इंग्रजीचा गंधही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची, आणि मध्ये हैबती मास्तरांची शाळा.

एकदा मास्तरांनी पोरांना इंग्रजी क्रियापद शिकवलं, सरपास. "म्हणजे पुढे जाणं. पण नुसतं सरपास म्हणून भागत नाही, कोणाच्या पुढे ते सांगावं लागतं. आणि बरं का, माणूस कालच्या स्वतःच्याही पुढे..."

पुढचं ऐकायला पोरं थांबलीच नाहीत. 'कोणाच्या पुढे' एवढंच घेऊन घरी पळाली.

झालं, गावाला सरपासचं वेड लागलं. वरच्या आळीने देवळापुढे पुरुषभर उंच दीपमाळ बांधली. खालच्या आळीने शेजारीच दोन पुरुष उंच. मग तीन, मग पाच. असं म्हणतात, की शेवटी शेवटी चंद्र वळसा घालून जायचा.

मास्तर दारोदार फिरले. घसा बसला. "अरे बाबांनो, त्याचा अर्थ असा नव्हे!"

"तुम्हीच तर शिकवलंत, मास्तर," लोक म्हणायचे. मास्तर कपाळ बडवून घ्यायचे.

त्रिपुरी पौर्णिमेला होतं नव्हतं तेल दोन्ही आळ्यांनी दीपमाळांवर नेलं. ते जेमतेम शेंड्यावरच्या दिव्यांना पुरलं. आणि त्याच तिन्हीसांजेला खालच्या आळीतली कौसा अडली.

"दिवा आणा कुणीतरी!" सुईण ठकूमाय आतून ओरडली.

एकाही घरात थेंबभर तेल निघेना. शेंड्यावरचा दिवा काढायला कोणी धजेना. आपला एक कमी झाला तर ते पुढे जातील ना!

मग मास्तरांनीच धोतर खोचलं. असं म्हणतात, की थराथराला एकेक शिवी हासडत ते वर चढले. शेंड्यावर पोचून त्यांनी दिवा उचलला, तोच खालून गलका झाला, "मास्तरांनी सगळ्यांना सरपास केलं!"

"गप बसा, गाढवांनो!" मास्तर असे कडाडले, की दीपमाळ थरथरली, वाकली आणि तिने मास्तरांना कौसाच्या उंबऱ्यावर अलगद उतरवलं. हातातली ज्योत हललीसुद्धा नाही. घटकाभरात मुलगी झाली. मास्तर भिंतीला टेकून मुकाट रडले.

आजही वाघजाळीत त्रिपुरीचं पहिलं तेल गरोदर बाईच्या घरी जातं, मगच दीपमाळा उजळतात. आणि त्याआधी एका वर्षी वरच्या, एका वर्षी खालच्या आळीचा म्हातारा मास्तरांच्या नावाने अख्ख्या गावाला मनसोक्त झापतो. गाव मान खाली घालून ऐकतं.

यंदा वरच्या आळीच्या म्हाताऱ्याने फार झकास झापलं म्हणे. खालची आळी आत्तापासूनच खणखणीत आवाजाचा म्हातारा शोधते आहे.