रोहिणीचे वर्षश्राद्ध

ज्याने एका मातीचे अनंत घट केले आणि प्रत्येक घटात निराळी तहान ठेवली, त्या नारायणाला आधी वंदन. ज्यांनी त्याच्या दाराशी आम्हांला बसायला जागा दिली, त्या सद्गुरूंना त्यानंतर. आता कथा.

“मग ती चोर नाही तर कोण, महाराज?”

निरंजनबुवा वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण चोर?”

“तिसरी.”

“पहिल्या दोघी कुठे गेल्या?”

मकरंद हसला. तापीकाठच्या या मठात तो आजीचे बोट धरून येत असे. आता तो महाविद्यालयात शिकवीत होता, आणि आज प्रसादासाठी आलेला नव्हता. निवाडा मागायला आला होता. बरोबर त्याची बालमैत्रीण रोहिणी होती. ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. बुवांनी दोनदा बस म्हटले, दोनदा ती बसली आणि दोनदा उठली.

“‘एकबीज’ नावाची मालिका आहे, महाराज. विज्ञानकथा. दर रविवारी आमचं मंडळ माझ्या घरी जमतं, भाग बघतं, आणि मग चहा गार होईपर्यंत भांडतं.”

“भजनी मंडळ नव्हे.”

“नव्हे. क्लोनवाल्यांचं मंडळ. आजी असंच म्हणते.” मकरंद सरसावून बसला. “एक शास्त्रज्ञ एका बाईच्या पेशीपासून पाच मुली तयार करतो. पाची सारख्या. चेहरा, आवाज, चालसुद्धा. वेगवेगळ्या घरी वाढतात; एकीला दुसरीचा पत्ता नसतो. मग पाचांतली एक मरते.”

“अरेरे.” बुवांनी हातातली वात खाली ठेवली. “कशाने?”

“ते महत्त्वाचं नाही, महाराज.”

“तिला असेल की.”



“तर... तिसरी त्या मेलेलीच्या घरी जाते. तिचे कपडे घालून. आई दार उघडते, म्हणते, ‘आलीस?’ ही म्हणते, ‘आले.’ आणि राहते! तिच्या खोलीत, तिच्या अंथरुणात, तिच्या नावाने. मी म्हणतो, ही चोरी आहे. पैसे चोरले तर परत करता येतात. हिने आई चोरली. सगळं मंडळ माझ्या बाजूने आहे. ही एक सोडून.”

रोहिणीच्या मुठीतला फोन थरथरला. तिने तो दाबून गप्प केला.

“तू का नाहीस ग यांच्या बाजूने?” बुवांनी विचारले.

“तिने काही चोरलं नाही. आईने विचारलं, तिने उत्तर दिलं.”

“खोटं उत्तर,” मकरंद म्हणाला.

“मग काय सांगायचं होतं? ‘मेली’ म्हणून? दारात उभं राहून?”

“हो. खरं ते सांगायचं.”

“तुला सोपंय. तुझी आई...”



“बघा महाराज! गेल्या रविवारी अशीच उसळली. रिमोट फेकला माझ्यावर. कपाळ थोडक्यात वाचलं.”

“नेम चुकला,” रोहिणी म्हणाली.

“ऐकलंत? मी म्हटलं, चल बुवांकडे. ते सांगतील ते दोघांनी मानायचं. नाहीतर मंडळ सोड.”

“मान्य आहे?” बुवांनी तिला विचारले.

“मंडळाचं काही नाही, महाराज. मला फक्त कळायला हवंय... परवाच्या आत.”

“परवा पुढचा भाग आहे?”

“नाही,” मकरंद गोंधळून म्हणाला. “भाग रविवारी असतो.”

बुवांनी कापसाचा नवा पेळू घेतला.

“त्या आईला ठाऊक आहे का रे, ही आपली नव्हे म्हणून?”

“छे! फसलीय ती. चेहरा तोच, आवाज तोच. कोणतीही आई फसेल. माझा त्यावर मोठा लेख आहे, महाराज. चारही पर्वं मी बारकाईने पाहिलीत.”

“मग सांग. आई तिला जेवायला काय घालते?”



“ते दाखवलेलं नाही.”

“घरात राहते, आणि चार पर्वांत एकदाही जेवत नाही?”

“थरारमालिका आहे ती, महाराज. जेवायला वेळ कुणाला?”

“बिचारी,” बुवा म्हणाले.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी रोहिणीने पाठ फिरवली आणि तो कानाला लावला.

“हं... हो, आई... हो, रेवतीच बोलतेय... नाही ग, उन्हात नाही... हो, जेवते. डबा आहे ना... येते संध्याकाळपर्यंत.”

तिने फोन पिशवीत टाकला, पिशवीचा बंद आवळला, आणि तरीही हात तिथेच राहिला.

मकरंदचा पाय मघापासून हलत होता, तो थांबला. रोहिणी आणि रेवती जुळ्या होत्या. शाळेत त्यांच्याच मागच्या बाकावर तो बसत असे. गेल्या वर्षी रेवती तापाने गेली. तिला खांदा देणाऱ्यांत तो होता.

“रोहिणी... हे काय होतं?”

“चार पर्वं बारकाईने पाहिलीस ना? ओळख मग.”

“काय ओळखू?”

“मी तिसरी आहे, मक्या.”

नदीवरून वारा आला आणि वळलेल्या वाती ताटात इकडच्या तिकडे झाल्या. बुवांनी त्या सरळ केल्या नाहीत.

“रेवती गेली,” रोहिणी सांगू लागली, “आणि आईने अन्न सोडलं. पाणीसुद्धा बाबांनी चमच्याने पाजावं. एक दिवस मी न्हाऊन आले, केस मोकळे होते. आईने वळून बघितलं. म्हणाली, ‘रेवती, आलीस?’”

“आणि तू...”

“‘आले’ म्हटलं. आई उठली. परात ओढली, पीठ घेतलं, भाकऱ्या थापल्या. जेवली. बाबा मोरीकडे तोंड करून रडत होते. मला वाटलं, आज जेवू दे, उद्या सांगू. मग उद्या वाटलं, आज कशाला... असं करत वर्ष गेलं. बाबा मला नावानेच हाक मारत नाहीत आता. ‘अगं’ म्हणतात.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला? तू दर रविवारी चोर म्हणतोस.”

मकरंदने खाली पाहिले.

“आणि परवा काय आहे?” बुवांनी विचारले.

“वर्षश्राद्ध.”

“रेवतीचं.”

“नाही, महाराज... माझं.”

बुवांचा हात थांबला.

“आईने गुरुजींना सांगितलंय, रोहिणीचं वर्षश्राद्ध करायचंय. बाबा समोर बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. गुरुजी नवे आहेत. त्यांना काय माहीत? रात्री आई मला म्हणाली, ‘रेवती, रोहिणीला काय काय आवडायचं ते आठवून सांग, तेच रांधू.’”

“काय सांगितलंस?”

“पुरण म्हटलं. मला पुरण आवडत नाही. तिला आवडायचं.”

“मग आई काय म्हणाली?”

“काहीच नाही. बघत राहिली माझ्याकडे... पुष्कळ वेळ.”

ती पुन्हा उठली, ओसरीच्या कडेपर्यंत गेली, परत आली.

“खरं सांगितलं तर ती पुन्हा जेवायची नाही. नाही सांगितलं तर परवा माझ्या नावाने पिंड ठेवतील, आणि जी खरंच गेली तिला कुणी पाण्याचा थेंब देणार नाही. मी काय करायचं? आणि...”

“आणि?”

“आणि आईने रेवतीलाच का ठेवलं, महाराज? दोघींतली एकच उरायची होती, तर तिने मला...”

मकरंद अर्धवट उठला. मग काय करावे ते न सुचून पुन्हा बसला.

बुवांनी हात पुढे केला.

“डबा आण.”

“...काय?”

“आईला फोनवर म्हणालीस, डबा आहे. आण इकडे.”

तिने पिशवीतून डबा काढून दिला. बुवांनी झाकण उघडले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची फोड, आणि भाकरीच्या घडीत शेंगदाण्याची लाल चटणी. त्यांनी चिमूटभर चटणी उचलली.

“महाराज, थांबा!” मकरंद ओरडला. “त्यात लसूण असणार! मठात चालत...”

बुवांनी चिमूट जिभेवर ठेवली होती.

“नाही,” ते म्हणाले.

“नाही कसा? आमच्याकडे लसणाशिवाय चटणी कोण कुटतं?”

“आईला ठाऊक होतं, तू मठात येणार म्हणून?” बुवांनी रोहिणीला विचारले.

“नाही. मालिका बघायला मकरंदकडे जाते म्हणाले. मठाचं नाव काढलं असतं तर हजार प्रश्न आले असते.”

“घरात लसूण वर्ज्य आहे?”

“वर्ज्य कसला! बाबांना मूठभर लागतो. रेवती तर लसूण नसला तर पान सरकवायची. म्हणायची, ही आजाऱ्याची चटणी मला नको. मलाच तेवढा वास...”



तिने डब्याकडे पाहिले.

...

“काकू दोन चटण्या कुटायच्या,” मकरंद सावकाश म्हणाला. “शाळेत मी तुमचे डबे चोरून खायचो. एकाला वास यायचा. त्यामुळे नेहमी पकडला जायचो. मग मी दुसराच खायला लागलो.”

“तो माझा होता,” रोहिणी म्हणाली.

“ठाऊक आहे. तू मारलं होतंस.”

बुवांनी डबा तिच्या पुढ्यात ठेवला.

“मग हा कोणाचा?”

तिने चटणीला बोट लावले, बोट नाकाशी नेले. पुन्हा लावले. डोळ्यांतले पाणी हनुवटीपर्यंत आले ते तिने पुसले नाही.

“वर्षभर हीच खातेय मी... रोज हीच... लक्षात कसं आलं नाही?”

बुवा वात वळू लागले.

“म्हणजे तिला ठाऊक आहे? मग ठाऊक असून तिच्या नावाने हाक का मारते? आणि ठाऊक आहे तर माझं श्राद्ध का? महाराज, सांगा ना!”

“मला काय विचारतेस? चटणी मी नाही कुटली.”

“मग विचारू कसं तिला? विचारलं, आणि ती पुन्हा जेवायची बंद झाली तर?”



“मालिकेत ही जागाच नाही,” मकरंद स्वतःशीच पुटपुटला. “चार पर्वांत नाही...”

रोहिणी उभी राहिली. बसली. पदराने तोंड पुसले आणि ओला पदर बोटाला गुंडाळू लागली.

“परवा मी कुठे बसू ते तरी सांगा. बाबांच्या मागे बसू? स्वयंपाकघरात राहू? की मकरंदकडे निघून जाऊ, सगळं आटोपेपर्यंत?”

“ये की,” मकरंद घाईने म्हणाला. “आजी आहे घरी.”

बुवांनी हातातली वात संपवली. ताट बाजूला सारले. ती आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी रोहिणीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले.

“परवा गुरुजी नाव घेतील.”

“हो, महाराज.”

“कोणाचं?”

“रोहिणीचं.”

“मनातल्या मनात?”

“नाही. मोठ्याने. गोत्रासकट.”

“आई तिथे असेल?”

“समोरच असेल.”



“मग ओ दे.”

॥

ज्यांनी ही कथा ऐकली त्यांच्या घरी नावाने हाक मारणारे कुणी असो, आणि ज्याला हाक मारली तो घरात असो. ज्या घरातले एक पान उठले आहे, त्या घरी उरलेल्या पानांवर ऊन अन्न पडो, आणि गेलेल्याला त्याच्याच नावाने पाणी मिळो. नारायण सर्वांचे कल्याण करो.