चौथं रजिस्टर

"मग चूक माझी कशी, सर?"

निनादचा आवाज नको तेवढा चढला. सोनटक्के सर शांत होते. तंत्रनिकेतनात तीस वर्षं प्रोसेसर शिकवला त्यांनी. आता दृष्टी जवळजवळ गेलेली.

हृदयाचे ठोके तपासणाऱ्या यंत्रासाठी निनादने असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या बोलीत, एक प्रोसीजर लिहिली होती. मुख्य प्रोग्रॅम सी भाषेतला. तो हिला बोलवायचा, ही हिशोब करून उत्तर द्यायची. उत्तर अचूक, वेग पाचपट. पण ती परतली की थोड्याच वेळात मुख्य प्रोग्रॅम कोलमडायचा. सोमवारपर्यंत दुरुस्त झालं नाही, तर तिला यंत्रातून काढून टाकायचं ठरलं होतं.

"वाच," सर म्हणाले.

त्याने ओळ न् ओळ वाचली: कुठल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या कुठल्या खणात, काय ठेवायचं. सर डोळे मिटून ऐकत राहिले.

"वा! एक शब्द फालतू नाही रे."

निनाद सुखावला.

"आता चहा कर. बघू तिथला वेग."

चार मिनिटांत दोन कप आले. सरांनी घोट घेतला.

"फक्कड! अजून एकेक होऊ दे. तू बस, या खेपेला मी करतो."

ते सरळ स्वयंपाकघरात गेले, कुठेही न चाचपडता. फळीवर हात गेला. थांबला... उजवीकडे सरकला... पुन्हा थांबला.

साखरेच्या जागी मीठ होतं. चहापत्तीच्या जागी काहीच नव्हतं.

निनाद धावला. "सर, मी डबे हलवले. घाईत..."

"आमच्या हिने लावलेत ते," सर म्हणाले. "ती गेल्याला सहा वर्षं झाली. अजून हात चुकला नव्हता."

निनाद मान खाली घालून डबे जागच्या जागी लावू लागला. तिसरा डबा हातात असतानाच थबकला.

"चौथं रजिस्टर..." तो पुटपुटला. "आणि पाचवं. सीचा प्रोग्रॅम त्यात आपलं काहीतरी ठेवून मला बोलावतो. आणि मी ते पुसून..."



सरांना चूक पहिल्याच वाचनात ऐकू आली होती. तरी आधी त्यांनी दाद दिली होती.

"पण सर, दोन ओळी वाढतील. आल्या आल्या जपून ठेवायची एक, निघताना परत मांडायची एक."

"जड होतायत?"

निनाद हसला. मग सरांच्या पाया पडला.

सोमवारी दुपारी त्याने फोन केला.

"सर, दोन दिवस अखंड चाललंय! मध्ये कुणी येऊन गेलं, हे मुख्य प्रोग्रॅमला कळतसुद्धा नाही."



"मग आता घाल त्या प्रोसीजरवर तुझं नाव."