मेणाचे बोळे

एका नदीकाठच्या गावात तांबटांची आळी होती, आणि त्या आळीत हळू आवाजात कुणी बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. ऊन कौलांवर आलं की पंचवीस घरांतले पंचवीस हातोडे तांब्यावर पडू लागत, ते थेट दुपारच्या जेवणाला थांबत. बाहेरच्या माणसाला कानठळ्या बसत. आळीतल्या माणसांना त्याचं काही वाटत नसे, कारण चाळिशी आली की बहुतेकांचे कान गेलेले असत.

त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. उलट आळीत म्हणत, 'कान गेला, तेव्हा हात आला.' ज्याला ऐकू येईनासं झालं, त्यानं पुरेसे घाव घातले, तो पक्का कारागीर. भट्टीच्या पूजेला पंच त्याच्या डोक्याला पागोटं बांधत. त्या दिवसापासून त्याला आपल्या भांड्यावर स्वतःची खूण ठोकता येई. ज्याला ऐकू येत असे तो कच्चा. त्यानं कितीही देखणं घंगाळ घडवलं, तरी त्यावर खूण दुसऱ्याची.

या आळीत दोन भाऊ होते. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्यानंच धाकट्याला ऐरणीपाशी बसवून हातोडा धरायला शिकवलं.

थोरला पंचविशीत असताना त्याचा उजवा कान वाहू लागला. बायकोनं तेलात भिजवलेला कापसाचा बोळा कानात घातला आणि वारं लागू नये म्हणून वरून मेण दाबलं. चार महिने तो तसाच कामाला बसला. कान बरा झाला. बोळा काढला त्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की आपल्या डाव्या कानात रातकिडे किरकिरताहेत, उजवा मात्र लख्ख आहे. अंगणात बायको तांदूळ निवडत होती. तिनं फेकलेला खडा फरशीवर पडला, तो उजव्या कानाला ऐकू आला, डाव्याला नाही.

त्या दिवसापासून तो दोन्ही कानांत बोळे घालू लागला. वरून मुंडासं असे, त्यामुळे कुणाला दिसत नसे.

थोरला विचारी होता. एका अनुभवावर त्याचं समाधान होईना. तो आळीभर नजर ठेवू लागला. मधल्या घरांत, बुटक्या कौलांखाली बसणारे पस्तिशीतच बहिरे होत. आळीच्या टोकाला, उघड्यावर कल्हई करणारा म्हातारा मात्र सत्तरीतही पोरांनी दिलेली शिवी ऐकून दुप्पट शिवी परत करी. पावसाळ्यात दारं लावून काम चाललं की सगळ्यांचेच कान जास्त गुणगुणत. अशी सात वर्षं पाहून त्याची खात्री पटली. घावाचा आवाज भिंतीला धडकून परत येतो आणि रोज थोडा थोडा कान झिजवतो. बहिरेपण म्हणजे कसब नव्हे, ती इजा आहे.

मग त्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहिलं. नदीपलीकडचं चिंचांचं माळरान, तिथे वीस वीस पावलांवर मांडव, प्रत्येकाच्या कानात बोळे, आणि नातवंडांशी साध्या आवाजात बोलणारे म्हातारे. हे त्यानं फक्त बायकोला सांगितलं.

"अहो, मग पंचांना सांगा की!"

"हसतील."

"हसू देत. हसण्यानं कुणाचे कान जात नाहीत."

"कच्च्या माणसाचं कोण ऐकतं? आधी पागोटं मिळू दे. मग माझ्या शब्दाला वजन येईल."

आणि पागोटं मिळावं म्हणून थोरल्यानं बहिरेपणाचं सोंग घेतलं. कुणी हाक मारली की वर बघायचं नाही. खांद्याला हात लावला की कानाशी तळवा नेऊन "आँ?" म्हणायचं. त्याला पागोटं मिळालं, भांड्यांवर त्याची खूण उमटू लागली.

"आता तरी सांगा," बायको म्हणाली.

"आत्ता? आत्ताच तर पागोटं बांधलंय. मला ऐकू येतं म्हटलं तर उतरवतील ना!"

बायकोनं कपाळाला हात लावला.

दरम्यान धाकटा तिशीला आला. त्याचा कान म्हणजे आळीतलं नवल. भांड्यावर नख वाजवून पत्रा कुठं पातळ राहिलाय ते तो सांगत असे. एके दुपारी सगळे जेवायला गेले असताना तो थोरल्याच्या शेजारी येऊन बसला. आळी शांत होती, आणि थोरल्यानं कानांतले बोळे नुकतेच काढले होते.

"दादा, तुला ऐकू येत नाही, म्हणूनच तुझ्यापाशी बोलतो," तो हळूच म्हणाला. "महिना झाला, माझ्या कानात किरकिर चाललीय. परवा हंडा वाजवून पाहिला, मला काही कळलंच नाही रे. सगळे पाठ थोपटतात, म्हणतात, लेका, पागोटं जवळ आलं! मला नको ते पागोटं. ही मागून हाक मारते, मला ऐकू येत नाही, आणि तिला वाटतं मी रुसलोय. मला भीती वाटते दादा. यावर काही उपाय असेल का रे?"

थोरल्याच्या कनवटीला मेणाचा गोळा होता. हात तिथवर गेलाही. शब्द ओठांवर आले. तेवढ्यात समोरून मुख्य पंच जेवून येताना दिसले. त्यांनी थोरल्याकडे पाहून हात उंचावला.

थोरल्यानं कनवटीवरचा हात उचलून कानाशी नेला. "आँ?"

धाकटा हसला. डोळे पुसून भावाच्या गुडघ्यावर थाप मारली आणि मोठ्यानं ओरडला, "काही नाही! जेवलास का, म्हटलं!"

उद्या सांगू, असं थोरल्यानं ठरवलं. मग सणानंतर सांगू. मग पूजा होऊ दे, मग सांगू. दोन वर्षं गेली. धाकट्याचे कान पुरते गेले.

भट्टीच्या पूजेला पंचांनी ठरवलं, की धाकट्याला पागोटं भावाच्याच हातून बांधायचं. थोरला पुढे झाला. पहिला वेढा घालताना त्याची बोटं धाकट्याच्या कानांना लागली आणि हात थबकले. त्यानं आपलं पागोटं उतरवलं. त्याआडचे कानांतले दोन्ही बोळे सगळ्यांदेखत काढून तळहातावर ठेवले आणि सात वर्षांत जे पाहिलं, जे कळलं, जे माळरानावर उभं करावंसं वाटलं, ते सगळं एका दमात सांगून टाकलं.

पुढे बसलेल्या पंचांनी कौतुकानं माना डोलावल्या. भावाला आशीर्वाद देतोय असं त्यांना वाटलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मागच्या तरण्या पोरांना आलं होतं.

"म्हणजे इतकी वर्षं सोंग?" एक जण म्हणाला.

"अन् आमच्या भांड्यांवर सोंग करून मिळवलेली याची खूण!"

"आता म्हणतोय मेण घाला. यानं उद्या शेण घालायला सांगितलं तर?"

सगळे हसले. हसली नाही ती फक्त धाकट्याची बायको. तिनं पुढे येऊन थोरल्याच्या हातातला बोळा उचलला, नवऱ्यासमोर धरला, थोरल्याच्या कानाकडे बोट दाखवलं. दोनदा, तीनदा. हळूहळू धाकट्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि लगेच मावळला.

आपला आवाज किती चढतो हे आता त्याला कळत नसे. तो जे बोलला ते नदीच्या घाटापर्यंत ऐकू गेलं.

"त्या दुपारी तू ऐकलं होतंस?"

थोरल्यानं मान हलवली. हो.

धाकटा रागावला नाही. डोक्यावरचं अर्धं बांधलेलं पागोटं सोडून त्यानं नीट घडी केली, ऐरणीवर ठेवली आणि बायकोबरोबर निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर हिंडू लागला. पोरांना धरून आपला कान दाखवी, मेणाचा बोळा दाखवी, आणि बायको शेजारी उभी राहून थोरल्यानं सांगितलेलं कारण समजावून देई. त्याचं पोरांनी ऐकलं, कारण त्याचे कान खरोखर गेले होते आणि त्यानं कुणापासून काही लपवलं नव्हतं. पंधरा वर्षांनी माळरानावर चिंचांखाली मांडव उभे राहिले, वीस वीस पावलांवर. थोरल्यानं मनात पाहिलं होतं अगदी तसेच.

थोरलाही तिथे एका मांडवात बसे. त्याचा उजवा कान शेवटपर्यंत शाबूत राहिला. सगळ्या हातोड्यांतून भावाचा हातोडा तो बरोबर ओळखी. धाकटा सणावाराला त्याच्याकडे येई, जेवे, पाया पडे. पण आपल्या मनातलं असं त्यानं थोरल्याला पुन्हा कधी काही सांगितलं नाही.

तात्पर्य: सोसून कळलेलं, विचारानं पटलेलं आणि स्वप्नात दिसलेलं, हे तिन्ही एकाच माणसापाशी असलं तरी तो वेळेवर बोलला नाही तर जग तसूभरही हलत नाही, आणि पुढे जग हललं, तरी ज्याच्यासाठी बोलायचं होतं तो हातचा निसटलेला असतो.