मथुराबाईचा कोरम

"जिन्याखालची जागा सगळ्यांची आहे! टेबल उचला!"

औदुंबर सोसायटीचे चेअरमन दिगंबरराव टिळेकर गरजले. कोर्टात हेडक्लार्क म्हणून हयात घालवलेला माणूस. नियम म्हटला की त्यांच्या अंगातच यायचं. चौदा वर्षं त्याच जिन्याखाली इस्त्री करणाऱ्या मथुराबाईने हातातली इस्त्री खाली ठेवली. टेबल गेलं की घरची चूलच विझायची!

"साहेब, काहीच मार्ग नाही का?"

"आहे ना! सर्वसाधारण सभेचा ठराव. त्याला वीस सभासदांचा कोरम हवा, तोही ठरल्या वेळेला. अर्ध्या तासाने भरवलेली तहकूब सभा मला चालणार नाही!"

दिगंबरराव मिशीत हसले. हसणारच! साठ घरांच्या त्या सोसायटीत सभेला सात वर्षांत अकराच्या वर डोकी कधी जमली नव्हती, आणि त्यातली चार तर बटाटेवड्यांसाठी यायची.

"रविवारी दहाला सभा लावा साहेब," मथुराबाई म्हणाली. "वीस आणते!"

दर रविवारी सकाळी घरपोच येणारे इस्त्रीचे गठ्ठे त्या रविवारी आलेच नाहीत. खिडक्याखिडक्यांतून हाका सुरू झाल्या.

"अगं मथुरा, उद्या ऑफिस आहे!"

"गठ्ठे सभेच्या हॉलमध्ये ठेवलेत. ज्याच्या नावावर घर, त्यानं यावं. हो म्हणा, नाही म्हणा, तुमची मर्जी. सभा संपली की गठ्ठा न्या!"

दहाच्या ठोक्याला हॉलमध्ये त्रेपन्न सभासद! खुर्च्या कमी पडल्या. दिगंबररावही आले, पण बर्म्युडात. त्यांच्या सगळ्या पँटी गठ्ठ्यात होत्या.

"ही सभा बेकायदा आहे!" ते ओरडले. "हे लोक सभेला नाही, कपड्यांसाठी आलेत!"

मथुराबाईने पदर खोचला. "साहेब, किती माणसं यावीत ते तुमच्या नियमात लिहिलंय. कशासाठी यावीत, तेही लिहिलंय का? मग वड्यांसाठी येणारी चार डोकी इतकी वर्षं कशी मोजलीत?"

दिगंबररावांनी उपविधींचं पुस्तक पुढून मागून चाळलं. मग स्वतःच्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले. हॉलही हसला. त्रेपन्न हात वर गेले.

"ठराव मंजूर! टेबल तिथंच राहील, वर सोसायटीचा पंखा लागेल. आणि यापुढे सभेची नोटीस फळ्यावर नको, मथुराबाईंना सांगा! बाई, आता तरी माझी पँट द्या!"

"आधी सभा संपली म्हणून जाहीर करा, साहेब," मथुराबाई म्हणाली. "नियम आहे!"