स्वयंभू माणसाचा सत्कार

कॉलेजचे अध्यक्ष दत्ताजीराव इंगवले स्वतःच्या एकसष्टीच्या सत्काराला उभे राहिले आणि माइकवर गरजले, "म्हणे समाज माणसाला घडवतो! मला कुणी घडवलं? मी स्वयंभू आहे. उद्यापासून समाजशास्त्राचा वर्ग बंद!"

तो वर्ग घेणाऱ्या खरातबाई सत्काराचं तबक घेऊन शेजारीच उभ्या होत्या. असल्या फुशारक्या ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांनी तबक सरळ अध्यक्षांच्याच हातात ठेवलं.

"हे काय?"

"स्वयंभू माणसाला शाल पांघरवणारे आम्ही कोण, साहेब? आपणच पांघरा, हारही आपणच घाला. टाळ्यासुद्धा आपणच वाजवा."

सभागृहात कुणी हलेना. तबकाने दोन्ही हात अडकलेले अध्यक्ष घामाघूम होऊन पुटपुटले, "अहो, कुणीतरी धरा हे!"

बाईंनी तबक धरलं. "त्या 'कुणीतरी'लाच समाज म्हणतात. उद्या वर्गात या, पहिल्यापासून शिकवते."